आत्मस्तुतीचा अर्ज

परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या माणसास ज्या नानाविध कागदांची तजवीज करावी लागते, त्यांपैकी बहुतेक कागद दुसऱ्या कोणीतरी द्यावयाचे असतात. गुणपत्रकांच्या सहीशिक्क्याच्या नकला आपले विद्यापीठ देते, जीआरई आणि टोफेल या परीक्षांचे गुण परीक्षा घेणारी संस्था परभारे कळविते, नोकरीचा दाखला कचेरी देते आणि शिलकेचा दाखला बँक देते. एकच कागद असा असतो की जो अर्जदाराने स्वतः, स्वतःविषयी, प्रथमपुरुषी एकवचनात लिहावयाचा असतो. त्यास स्टेटमेंट ऑफ पर्पज असे म्हणतात, आणि तयारी करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात तो नुसता ‘एसओपी’ असतो. आपण कोण, आजवर काय केले, पुढे काय करणार, आणि आपल्यासारख्याच शेकडो अर्जदारांना वगळून आपल्यालाच का घ्यावे, हे त्यात दोन पानांत पटवून द्यायचे असते. परीक्षेचा अभ्यास मला जड गेला नाही. टिटवाळ्याहून ठाण्याच्या कचेरीपर्यंतचा सकाळचा प्रवास, बसायला जागा मिळाली तर, शब्दार्थ पाठ करण्यास पुरेसा असतो आणि जागा न मिळाली तरी दांडी धरून उभ्याने गणिते मनात सोडविता येतात. परंतु या दोन पानांनी मला जेवढे अस्वस्थ केले तेवढे दुसऱ्या कशानेच केले नाही, आणि ती अस्वस्थता भाषेची नव्हती.

पाणीपुरवठ्याच्या योजनांचे आराखडे करणारा मी एक नोकरदार अभियंता. आमच्या धंद्यात एकट्याचे असे काही नसतेच. मोजणी एकजण करतो, हिशेब दुसरा तपासतो, नळ टाकताना जो मुकादम ‘साहेब, इथे खडक लागेल’ म्हणून आधीच सांगतो त्याचे नाव नकाशावर कोठेही येत नाही. पण एसओपीचा जो सर्वमान्य नमुना आमच्यापुढे ठेवला जातो, त्यात प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ असावा लागतो आणि प्रत्येक क्रियापद पराक्रमाचे असावे लागते. त्या नमुन्याबरहुकूम केलेला मसुदा मी एके रात्री बाबांना वाचून दाखविला. बाबा रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहार वाचलेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “एवढं सगळं तू एकट्यानं केलंस, तर मग तुमचे साहेब पगार कशाचा घेतात रे?”

आई हसली, मलाही हसू आले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपली स्तुती आपण करणे हे केवळ अशिष्ट आहे की मुळातच अधर्म्य आहे? अशिष्ट असेल तर परदेशचा शिष्टाचार निराळा, एवढे म्हणून प्रश्न मिटतो. अधर्म्य असेल तर देश बदलल्याने तो मिटत नाही.

आपल्या परंपरेने या विषयावर जे सर्वांत कठोर वचन उच्चारिले आहे ते महाभारताच्या कर्णपर्वात आहे, आणि त्याचा प्रसंग असा विलक्षण आहे की तो थोडा विस्ताराने सांगितल्याशिवाय राहवत नाही. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात पडून आहे, आणि अर्जुन भेटीस आलेला पाहून, हा कर्णाला मारूनच आला असेल अशा समजुतीने प्रथम आनंदित होतो व मग ते खोटे ठरताच इतका संतापतो की, तुझे गांडीव दुसऱ्या कोणास तरी देऊन टाक, असे बोलून बसतो. गांडीव दुसऱ्यास दे असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. त्यामुळे तो थोरल्या भावावरच खड्ग उपसतो. श्रीकृष्ण त्यास आवरतो आणि सांगतो की वडीलधाऱ्यास एकेरीत संबोधून त्याचा अवमान करणे हाच त्याचा वध होय. तेवढे कर म्हणजे प्रतिज्ञाही पाळली जाईल आणि भाऊही जगेल. अर्जुन तसे करतो, आणि मग पश्चात्तापाने तेच खड्ग स्वतःवर चालवू पाहतो. तेव्हा श्रीकृष्ण दुसरा तोडगा सांगतो: तुला आत्महत्याच करावयाची आहे ना, मग आपल्या तोंडाने आपले गुण वर्णन कर, आत्मस्तुती हीच आत्महत्या. आणि अर्जुन, ज्याच्या पराक्रमाविषयी त्या रणांगणावर कोणास शंका नव्हती, तो शंकराखेरीज आपल्या तोडीचा धनुर्धर नाही असे स्वमुखाने बोलून, धर्मशास्त्राच्या दृष्टीने मरतो.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की अर्जुन तेथे एकही शब्द खोटा बोललेला नाही. खोटी स्तुती वाईट हे सांगण्यास श्रीकृष्णाची गरज नव्हती. येथे खऱ्या स्तुतीलाच मृत्यू म्हटले आहे. मग एसओपीत लिहिलेले सर्व खरे असले, एवढ्याने मी सुटतो असे नाही. समर्थांनीही दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना आपणच आपले गुण गाणारास मूर्खांच्या पंक्तीत बसविले आहे, आणि गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे येतात त्यांतले अगदी पहिले अमानित्व आहे, ज्याच्या वर्णनात ज्ञानेश्वर इतके रमले आहेत की मानाचा स्पर्श होताच कासावीस होणाऱ्या त्या माणसाचे चित्र वाचणाऱ्यास विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. गंमत अशी की समर्थांनी ज्या ओवीत आत्मस्तुती करणाऱ्यास मूर्ख ठरविले, त्याच ओवीत आपल्याच देशात विपत्ती भोगीत बसणाऱ्यासही मूर्ख ठरविले आहे! म्हणजे परदेशी जाण्यासाठी एसओपी लिहिणारा एका चरणात अडकतो आणि न लिहिता घरी बसणारा दुसऱ्या चरणात. समर्थांना लोकव्यवहार फार चांगला ठाऊक होता.

या सर्व उपदेशावर एक आक्षेप आहे, आणि तो मला इतका बळकट वाटतो की त्यास वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नम्रतेचा उपदेश नेमका कोणास करावयाचा? ज्याचे कूळ, घराणे, आडनाव, गल्ली आणि शाळा त्याच्या आधीच त्याच्याविषयी चांगले बोलून ठेवतात, त्याने मौन धरिले तर त्यास शोभते, कारण त्याची स्तुती करणारे पुष्कळ आहेत. पण ज्याच्याविषयी समाजाने आधीच वाईट बोलून ठेवले आहे, त्याचे मौन म्हणजे त्या वाईटास दिलेली संमतीच होय. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन जे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यांनी तेथे अमानित्वाचा अभ्यास करीत बसावयास हवे होते असे म्हणण्याचे धार्ष्ट्य मला तरी नाही. १९१७ साली करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले तेव्हा एवढ्या विद्येच्या माणसास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांच्या आणि एका पारशी मित्राच्या साहाय्याने १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले. नोकरी करता करता परदेशी शिक्षणाची सिद्धता करणाऱ्या आम्हा सगळ्यांनी आपापल्या अडचणी त्या तीन वर्षांशेजारी ठेवून पाहाव्यात. अशा माणसाने आपली योग्यता स्पष्ट शब्दांत सांगणे ही स्तुती नसून साक्ष आहे, आणि आरोपीला साक्ष देण्याचा अधिकार कोणतेही न्यायासन नाकारीत नाही.

तेव्हा प्रश्न थोडा बदलतो. स्तुती आणि साक्ष यांतला भेद कोठे आहे? दोहोंतले शब्द तर पुष्कळदा तेच असतात.

आमच्या गावाची जी स्थलकथा आहे ती या प्रश्नाशी इतकी निगडित असेल असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते. काळू नदीच्या काठी दंडकारण्यात कण्व ऋषींचा आश्रम होता, दुष्यंताने अव्हेरलेल्या शकुंतलेस कण्वांनी गणेशाची आराधना सांगितली, तिने स्थापिलेला तो हा टिटवाळ्याचा महागणपती. पुढे देवालय लुप्त झाले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात तळ्याचा गाळ उपसताना मूर्ती सापडली, असे येथे सांगतात. दुरावलेली जोडपी एकत्र यावीत, रखडलेली लग्ने जमावीत म्हणून लोक येथे येतात, आणि अंगारकीला तर स्टेशनपासून देवळापर्यंत पाय ठेवण्यास जागा नसते. महाभारतात कण्वांचा आश्रम मालिनी नदीच्या काठी, म्हणजे दूर हिमालयाच्या पायथ्याशी आहे, हे मला ठाऊक आहे. पण कोणत्या गावाने कोणती कथा आपली मानिली यावरून त्या गावाचे मन कळते, आणि टिटवाळ्याने अशा स्त्रीची कथा आपली मानिली की जिचे म्हणणे सभेत कोणी खरे धरिले नाही.

कालिदासाची शकुंतला सर्वांना ठाऊक असते. आदिपर्वातली निराळी आहे. तेथे शापही नाही आणि मुद्रिकाही नाही. राजास सर्व आठवत असते, तरी तो भर सभेत तिला ओळख देत नाही, आणि मग ही आश्रमात वाढलेली मुलगी खाली मान घालून निघून न जाता उभी राहते व बोलते. ती धर्म सांगते, पितापुत्राचे नाते सांगते, सहस्र अश्वमेधांहून सत्याचे पारडे जड असते असे सांगते. आणि मध्येच, राजाने तिच्या जन्माचा उल्लेख हेटाळणीने केला असता, माझे कूळ तुझ्याहून श्रेष्ठ आहे, तू जमिनीवरून चालतोस आणि मी आकाशातून संचार करणाऱ्यांपैकी आहे, असेही निःसंकोच सुनावते. ही आत्मस्तुती नव्हे तर काय? पण व्यासांनी तिला त्याबद्दल दोष दिलेला नाही. ती बोलली ती स्वतःकरिता बोलली नाही, बोट धरून उभ्या असलेल्या मुलाकरिता बोलली. एवढे बोलूनही राजा बधत नाहीच. ती निघून जाते, तेव्हा आकाशवाणी होऊन तिच्या म्हणण्यास दुजोरा मिळतो, आणि मग राजा सभेला सांगतो की मला हे आधीच माहीत होते, परंतु केवळ हिच्या शब्दावर मी मुलास स्वीकारिले असते तर लोकांनी संशय घेतला असता. विद्यापीठाची प्रवेशसमिती एसओपीबरोबर तीन शिफारसपत्रे का मागते, याचे याहून स्वच्छ उत्तर मला कोणत्याही माहितीपत्रकात मिळाले नाही.

टिटवाळ्याच्या याच महागणपतीच्या देवळात, अर्जाच्या डिसेंबरच्या मुदतीपूर्वी, आईच्या आग्रहाखातर मी अभिषेकास बसलो. गुरुजींनी हातात पाणी दिले आणि विचारले, “गोत्र?” मी सांगितले. ज्यांना गोत्र ठाऊक नसते त्यांना ते काश्यप सांगतात आणि पुढे जातात. देवाच्या दारात त्यावाचून कोणाचे अडत नाही. “काय म्हणून म्हणू?” मी म्हटले, परदेशात शिकायला जायचा विचार आहे. “विद्याप्राप्ती म्हणतो,” असे म्हणून त्यांनी संकल्प सोडण्यास सांगितले.

संकल्प मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, परंतु डोक्यात एसओपी घोळत असताना तो पहिल्यांदाच ऐकला, आणि त्याच्या रचनेने चकित झालो. ब्रह्मदेवाच्या आयुष्यातील कोणते परार्ध, कोणते मन्वंतर, कोणते युग येथपासून आरंभ करून संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र येथपर्यंत काळ सांगावयाचा. भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचे तीर असा देश सांगावयाचा. मग त्या अफाट विस्तारातल्या एका बिंदूवर गोत्र आणि नाव घेऊन कर्त्याने उभे राहावयाचे. आणि अमुक हेतूने अमुक कर्म करतो, एवढे बोलून पाणी सोडावयाचे. माणूस कोठे उभा आहे, कोणाचा आहे, काय करणार आहे आणि कशाकरिता, हे सर्व त्यात आहे. तो किती हुशार आहे हे त्यात नाही. गुणवत्तेला तेथे रकानाच ठेवलेला नाही. कर्त्याचा ‘मी’ संकल्पात लुप्त होत नाही, तो अगदी स्पष्ट उच्चारावाच लागतो. पण विश्वाच्या आणि वंशाच्या मापाने तो इतका नेमका मोजला गेलेला असतो की फुगण्यास त्याला अवकाश उरत नाही. हे मला नम्रतेच्या उपदेशाहून अधिक उपयोगी वाटले, कारण उपदेशाने माणूस पुष्कळदा नम्रतेचाच गर्व वाहू लागतो.

असा संकल्प इंग्रजीत कोणी लिहिला आहे काय? लिहिला आहे, आणि तो लिहिणारी आमच्या शेजारच्या कल्याणची होती. कल्याणच्या जोशांची यमुना, नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोश्यांशी लग्न होऊन आनंदीबाई झाली, चौदाव्या वर्षी तिचे तान्हे मूल दगावले, आणि १८८३ साली, पुरती अठरा वर्षांची झालेली असता-नसता, ती कलकत्त्याहून एकटी अमेरिकेस निघाली. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारीस बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात तिने इंग्रजीत भाषण केले. लोक जे प्रश्न मागे विचारीत होते ते तिने आपणच पुढे मांडले: अमेरिकेसच का, एकटीच का, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, जे कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस. जातीबाहेर पडण्याचे भय तेव्हा पोकळ नव्हते. धर्मसूत्रकार बौधायनाने समुद्रगमन पातकांत मोजले होते, मागाहूनच्या निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या कृत्यांत, घातले होते, आणि ज्या कल्याण बंदराचे नाव ग्रीक नाविकांच्या ग्रंथात आहे व जेथील व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, त्याच कल्याणात समुद्र ओलांडणे हे पाप ठरलेले होते. पाच वर्षांनी, १८८८ साली, मुंबईहून विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या जातीने बहिष्कृत केले आणि परत आल्यावर त्यांना नाशकास स्नान घडविण्यात आले, हे तर त्यांनीच लिहून ठेविले आहे. आज त्या पातकाचे नाव कोणी घेत नाही. समुद्रातले पाप गेले. आता जे काही पाप घडते ते निघण्यापूर्वी, कागदावर घडते.

अमेरिकेत पोहोचल्यावर आनंदीबाईंनी पेनसिल्वानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठी जे पत्र लिहिले ते उपलब्ध आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, हे त्यात त्या आधीच सांगून टाकतात आणि आपले प्रकरण अपवादात्मक समजून दया करावी असे विनवितात. पुढे त्या लिहितात ते असे की, इष्टमित्रांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध सोसून ज्या निश्चयाने मला येथवर आणिले, तो निश्चय मला कार्यसिद्धीसही नेईल. आणि ते कार्य म्हणजे, पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य देणे. काळ आला, देश आला, आपण कोण हे आले, कशाकरिता हे आले. आपल्या अंगच्या गुणांपैकी एकाचाच, निश्चयाचा, उल्लेख आला, आणि तोही पुरावा म्हणून: जो माणूस एवढा विरोध ओलांडून दारात उभा आहे त्याच्या निश्चयाविषयी आणखी काय सांगावयाचे? ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरलेली होती, तेथे रुजू होण्याचे राहून गेले. कार्य सिद्धीस गेले नाही म्हणून संकल्प खोटा ठरला, असे कोण म्हणेल? संकल्पाची सत्यता फळावर अवलंबून नसते. ती सोडणाऱ्याच्या हेतूवर असते.

स्तुती आणि साक्ष यांतला भेद मला येथे सापडला असे वाटते. स्तुतीचे वाक्य ‘मी’पाशी येऊन थांबते, साक्षीचे वाक्य ‘मी’मधून पार होऊन कोठेतरी जाते, शकुंतलेचे मुलाकडे, आनंदीबाईंचे उपचारावाचून मरणाऱ्या बायकांकडे, आंबेडकरांचे तर अवघ्या समाजाकडे. अर्जुनाचे ते वाक्य कोठेच जात नव्हते, जाऊ नये म्हणूनच ते त्याला उच्चारावयास सांगितले होते. मी माझा मसुदा फाडला. नव्यात मुकादमाचा खडक आला, धरणे भरलेली असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे शहापूर तालुक्यातले पाडे आले, आणि मला काय येत नाही म्हणून शिकावयास यावयाचे आहे तेही आले. पराक्रमी क्रियापदे पुष्कळ कमी झाली. पैसे घेऊन एसओपी ‘सुधारून’ देणाऱ्या एका तज्ज्ञाने तो वाचून, यात तुम्ही स्वतःला विकत नाही, असा अभिप्राय दिला. त्याचे निरीक्षण बिनचूक होते.

एसओपीचा निकाल असा लागला. शिफारसपत्राचा लागला नाही, आणि खरे पाप तेथे आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

आपल्याकडे शिफारसपत्र मागावयास गेले असता जे उत्तर मिळते ते सर्वांच्या परिचयाचे आहे: “तूच मसुदा करून आण, मी सही करतो.” असे म्हणणारे दुष्ट नसतात, त्यांना वेळ नसतो, इंग्रजीची धास्ती असते, आणि मुलाचे भले व्हावे अशी मनापासून इच्छाही असते. शिरस्ताच तो पडून गेला आहे. पण त्या शिरस्त्याने काय घडते ते पाहा. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, परंतु तो आप्ताचा असेल तरच. आणि न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताचे लक्षण असे केले आहे की ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ असो, सर्वांस लक्षण एकच. कोलंबियाचे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांनी आपल्या विद्यार्थ्याविषयी, भीमराव आंबेडकरांविषयी, लंडनच्या विद्वानांना लिहिले तेव्हा ते या अर्थाने आप्त होते: त्यांनी पाहिले होते आणि पाहिलेले सांगितले. उलट, मी स्वतःविषयी लिहावे आणि खाली साहेबांनी सही करावी, यात पाहणारा लिहीत नाही आणि लिहिणारा पाहत नाही. आकाशवाणी शकुंतलेनेच लिहून दिली असती तर तिला आकाशवाणी कोण म्हणाले असते? अर्जुनाने निदान आपली स्तुती आपल्या तोंडाने केली. येथे ती दुसऱ्याच्या तोंडात घालून करावयाची असते, म्हणजे आत्महत्या तर होतेच, आणि वर दुसऱ्याच्या सत्याचाही वध होतो. असे तीन मसुदे तीन निरनिराळ्या माणसांच्या शैलीत लिहिण्याचे कौशल्य आमच्या पिढीने हस्तगत केले आहे, आणि त्याची आम्हांस खंत वाटेनाशी झाली आहे, ही त्याहून वाईट गोष्ट.

पुढचे टप्पे मी थोडक्यात सांगतो, कारण तेथे तत्त्वाचा प्रश्न कमी आणि कागदांचा जास्त. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जास बँका सहसा तारण मागतात. आमचे टिटवाळ्याचे दोन खोल्यांचे घर तारण पडले, आणि दस्तऐवजावर बाबांनी सही केली. एसओपीत एकटा असलेला ‘मी’ बँकेच्या कागदावर कधीच एकटा नसतो. तेथे वडील जामीन, आई सहमालक, आणि परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋणी आहे म्हणून जी तीन ऋणे सांगितली त्यांत चौथ्याची भर. व्हिसाच्या मुलाखतीत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या खिडकीपुढे, अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील २१४(ब) या कलमाप्रमाणे आपण परत येणार नाही असेच आधी गृहीत धरले जाते, आणि परत येण्याचा हेतू सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. त्या खिडकीशी काय बोलावे याची घोकंपट्टी करून घेणारे वर्ग आहेत. आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन असे भर सभेत सांगितले, तेव्हा त्यांना कोणी घोकविले नव्हते. मी खिडकीशी एवढेच म्हणालो की शिकून परत येण्याचा माझा हेतू आज खरा आहे. याहून अधिक मनुष्यास भविष्याविषयी काय शपथेवर सांगता येते ते मला कळत नाही.

आता ज्यांच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास शिफारसपत्रे मागावयास तरुण माणसे येतात, त्या प्राध्यापकांना आणि कचेऱ्यांतील वरिष्ठांना एक विनंती आहे. मसुदा मागू नका. तुम्ही त्याला काम करताना जे पाहिले ते चार ओळींत, तुमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, तुम्हीच लिहा. आणि जर सांगण्याजोगे काहीच पाहिले नसेल तर त्यास तसे समोर सांगून परत पाठवा. तो रागावेल, दुसरे दार शोधील. पण त्याच्या पहिल्याच पाऊलखुणेवर तुमची खोटी सही राहणार नाही.